कामाचे स्वरूप : झाडलोट

मामी पहाटे साडेपाचला बुद्धवंदना म्हणायची. ती संपली की स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज यायचा, आणि सव्वासहाला खालच्या बोळातून जगतापकाकांच्या स्कूटरचा हॉर्न, एक लांब आणि एक आखूड. माझी कॉलेजची तिन्ही वर्षं या तीन आवाजांनी उजाडली. मेहकरला बारावी झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न आमच्या घरात आधी कधी निघालाच नव्हता, कारण बारावीपर्यंत कुणी पोचलंच नव्हतं. वडील एस.टी. स्टँडवर हमाली करत. आईने तिच्या धाकट्या भावाला, माझ्या शालिकमामाला, पुण्याला पत्र टाकलं. मामाचं उत्तर पोस्टकार्डावर आलं, दोन ओळींचं. "नंदाला पाठवून दे. स्वयंपाकघरात एक माणूस झोपू शकते." त्या पोस्टकार्डाच्या जोरावर मी पदवीधर झाले, आमच्या घराण्यातली पहिली. हे मी पुढे अनेक सत्कारांत सांगितलं आहे, आणि दर वेळी मला वाटलं आहे की हार चुकीच्या गळ्यात पडतोय.

रामटेकडीच्या उतारावर मामाच्या दोन खोल्या होत्या, वर पत्रा. जगतापकाका चार घरं सोडून राहत. ते सासवडकडचे, मामापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, अंगाने जाडजूड, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचे. दोघं हडपसरच्या एकाच कारखान्यात कामाला होते. तिथे विजेच्या मोटारी बनत, पाण्याच्या पंपाला आणि पिठाच्या गिरणीला लागतात तशा. एकाच स्कूटरवरून जायचे, एकाच विभागात एकाच लांब टेबलापाशी उभे राहायचे आणि एकाच स्कूटरवरून परत यायचे. फरक एवढाच की जगतापकाका कंपनीचे पर्मनंट कामगार होते आणि मामा ठेकेदाराचा माणूस. काकांच्या एका पगारात मामाचे तीन पगार बसत. हे मला कळायला सहा महिने लागले, कारण त्यावर घरात कुणी बोलत नसे. पेट्रोल काकाच भरत आणि स्कूटर रविवारी आमच्या दारात उघडून मामाच दुरुस्त करी. कुणी कुणाला थँक्यू म्हटलेलं मी ऐकलं नाही.

पर्मनंट लोकांना कँटीन होतं. बुधवारी पुरी-भाजी, शनिवारी काहीतरी गोड. ठेक्याची माणसं सायकल स्टँडच्या पत्र्याखाली बसून घरचा डबा खात. कँटीनचं ताट बाहेर न्यायला मनाई होती, आणि जगतापकाका रोज ते बाहेर नेत. एकदा वॉचमनने हटकलं, तर ते म्हणाले, "आत पंख्याचा आवाज लई हुतो. जेवान पचत न्हाय." या उत्तरावर मामा आणि काका महिनाभर हसत होते. कारण काकांनी प्रेस शॉपमध्ये सोळा वर्षं काढली होती. पत्रा कापणाऱ्या यंत्रांच्या धडाक्यात त्यांचा उजवा कान पूर्ण गेला होता आणि डावा अर्धा. पंखा काय, डोक्यावरून विमान गेलं असतं तरी त्यांना पत्ता लागला नसता.

आणि अशा माणसाला कंपनीने टेस्टिंगला बसवलं होतं. त्यात कुणाचा डाव नव्हता. टेस्टिंगची जागा रिकामी झाली, सेवाज्येष्ठतेने त्यांचा नंबर होता, काम हलकं होतं, त्यांनी ती घेतली. आता टेस्टिंगचं काम म्हणजे निम्मं मीटर बघण्याचं आणि निम्मं ऐकण्याचं. मीटर काका बघत. ऐकायचं काम मामा करी. त्याच्याकडे लाकडी मुठीचा एक जुना स्क्रू-ड्रायव्हर होता. चालू मोटारीवर, आतलं बेअरिंग असतं तिथे त्याचं टोक टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. मला तो सांगायचा, बेअरिंग कोरडं असलं की फुटाणे भाजल्यासारखं वाजतं, आणि तारेचे वेढे सैल असले की लांब कुठेतरी भुंगा अडकल्यासारखा आवाज येतो. मी विचारलं, "आणि चांगली मोटार कशी वाजते?" मामा म्हणाला, "चांगली मोटार आयकू येते, पन आयकावी लागत नाई." मामाने मान हलवली की काका मोटारीला बांधलेल्या कार्डावर सही करत. मामाला सहीचा अधिकार नव्हता, कारण कंपनीच्या दृष्टीने तो कंपनीत नव्हताच.

घरीसुद्धा त्याचा कान सुटी घेत नसे. शेजारच्या बाईंचा मिक्सर भिंतीपलीकडे सुरू झाला की तो भाकरीचा घास हातात धरून म्हणायचा, "आठ दिवस चालंल." आठ दिवसांनी शेजारीण मिक्सर घेऊन दारात उभी. मामी म्हणायची, "मिक्सरचं आयकू येते यायले. म्या कवाची हाक मारून राह्यली ते नाई आयकू येत."

मामी लक्ष्मी रोडच्या एका दुकानाच्या साड्यांना हाताने फॉल लावायची. साडीमागे ठरलेले पैसे, आणि टाका दिसला की साडी परत. दुपारभर ती उंबऱ्यापाशी उजेडात बसायची, आणि मी कॉलेजातून आले की माझ्या हातात दुसरी सुई द्यायची. रविवारी मंडईत शेवटच्या तासाला जायची, भाज्यांचे भाव उतरतात तेव्हा. अंबाडीची जुडी मिळाली की स्वारी खूश. अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी, ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा हे पक्वान्न खाताना मामा डोळे मिटून घ्यायचा, मोटार ऐकताना मिटायचा तसेच. आज माझ्या घरी स्वयंपाकाला बाई येतात. अंबाडी त्यांना जमत नाही आणि मलाही जमत नाही, हे मी मान्य करते.

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा संपली आणि निकालाला दोन महिने होते. मला टायपिंग येत होतं. मामाने ठेकेदाराकडे शब्द टाकला. सदाशिव पेठेत एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर त्यांचं ऑफिस होतं, दोन खोल्यांचं. खाली क्लासेसच्या सायकली लागलेल्या असायच्या, वर साहेब, एक हिशेबनीस आणि एक टाइपरायटर. साहेब पन्नाशीचे, पांढरा शर्ट, आवाज कधी न चढवणारे. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे नीट बघून विचारलं, "आपण इंगळ्यांच्या भाची ना? छान. निदान पंखा बंद करून जायची सवय लावून घ्या." एवढीच त्यांची मुलाखत.

काम सोपं होतं. दर तिमाहीला कंपनीकडे आणि कामगार कार्यालयाकडे ठेक्यावरच्या माणसांची यादी जायची. जुनी यादी समोर ठेवायची आणि तारखा बदलून तशीच नवी टाइप करायची. अनुक्रमांक, नाव, वय, कामाचे स्वरूप, रोजचा दर. यादी इंग्रजीत होती. मी मोठ्या अभिमानाने मामाचं नाव शोधलं. सातव्या ओळीत सापडलं. शालिक इंगळे, वय अडतीस. कामाचे स्वरूप, झाडलोट.

मला वाटलं चूक झाली आहे. वरची ओळ बघितली, झाडलोट. खालची, झाडलोट. त्या कारखान्यात ठेक्याची अकरा माणसं होती आणि यादीप्रमाणे अकराही जण सकाळपासून संध्याकाळपर्यंत झाडत होते. या अकरांतले बरेच जण आमच्या घरी येऊन चहा पिऊन गेले होते. कोण तार गुंडाळतो, कोण रंग मारतो, कोण वेल्डिंग करतो, मला ठाऊक होतं. मग हळूहळू रोजच्या दराचा रकाना डोक्यात शिरला. झाडलोटीला सरकारने जो सगळ्यात खालचा दर ठरवलेला, तोच सगळ्यांना. कारखान्याचं मुख्य काम ठेक्याच्या माणसांकडून करून घेतलं तर कायदा मध्ये येऊ शकतो, म्हणून कागदावर सगळ्यांच्या हाती झाडू, हे मला फार पुढे समजलं. त्या दिवशी मला फक्त एवढंच समजलं की मामाबद्दल खोटं लिहिलं आहे, आणि टाइपरायटर माझ्यापुढे आहे.

बाकीच्या दहांच्या कामांची नावं इंग्रजीत कशी लिहायची याची मला खात्री नव्हती. मामाच्या कामाची होती. मी सातव्या ओळीत 'मोटर टेस्टिंग' असं टाइप केलं, खाली हिशेबनिसांची सही घेतली, त्यांनी न वाचता दिली, आणि दोन्ही पाकिटं स्वतः पोस्टात टाकून आले. परत येताना रणरणत्या दुपारीसुद्धा मी चालतच आले, बसचे पैसे वाचवायला नव्हे, आनंदाने. शाळेत गुरुजी सांगायचे, चुकीचं दिसलं की खाडाखोड न करता नीट दुरुस्त करावं. मी नीट दुरुस्त केलं होतं.

पाचव्या दिवशी साहेबांनी मला आत बोलावलं. यादीची प्रत टेबलावर होती, सातव्या ओळीखाली लाल रेघ.

"हे आपण टाइप केलंत?"

"हो साहेब. आधीच्या यादीत चुकलं होतं."

"चुकलं होतं." त्यांनी चष्मा काढला. "आम्ही नऊ वर्षं चुकत होतो, आणि आपण नऊ दिवसांत दुरुस्ती केलीत. आपल्याला उतरवून घ्यायला ठेवलं होतं, दुरुस्तीला नव्हे. कंपनीतून फोन आला आहे. ती माणसं म्हणतात, आमच्याकडे टेस्टिंगला ठेक्याचा माणूस नाही. बरोबरच आहे त्यांचं. आता नाहीच."

मला शेवटचं वाक्य कळलं नाही. जिना उतरताना कळलं.

मी घरी पोचले तेव्हा मामा आधीच आलेला होता. दुपारच्या तीन वाजता त्याला घरात बघायची सवय नव्हती. गेटवर त्याचा पास काढून घेतला होता. कारण सांगितलं नव्हतं. तो खाटेच्या कडेवर बसून होता आणि मामी साडी बाजूला ठेवून त्याच्याकडे बघत होती. मी उंबऱ्यातच उभं राहून सगळं सांगितलं. मामी ऐकता ऐकता उठली. "तुले कोनं म्हटलं होतं लिव्हायले? आमी तुले आमचं घर बुडवायले शिकवलं का?" तिचा आवाज फाटला होता. "घरभाडं कोन देईन आता? तुई यादी देईन?" मी बॅग भरायला घेतली. खरंच घेतली, उगाच नाही.

मामा म्हणाला, "बस खाली." मग माझ्या हातातली बॅग काढून घेत, "काय लिव्हलं म्हणतेस?"

"मोटर टेस्टिंग."

"इंग्रजीत?"

"हो."

"दाखव."

मी वहीच्या पानावर लिहून दिलं. मामा नववी नापास, पण इंग्रजी अक्षरं त्याला ओळखू यायची. त्याने एकेक अक्षरावर बोट ठेवलं. मामी अजून रडत होती. त्याने पान घडी करून खिशात ठेवलं आणि तिला म्हणाला, "खोटं तं नाई लिव्हलं तिनं." त्या रात्री आम्ही तिघंही जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी सव्वासहाला बोळातून स्कूटर गेली, पण हॉर्न वाजला नाही.

पुढचे चार दिवस कारखान्यात काय झालं ते आम्हाला रोज संध्याकाळी जगतापकाका येऊन सांगत. पहिल्या दिवशी कंपनीच्या सुपरवायझरने मामाच्या जागी पॅकिंगमधला एक जण दिला. त्याने स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावला आणि सगळ्याच मोटारी चांगल्या आहेत असं सांगितलं. काकांनी सही केली नाही. सुपरवायझर म्हणाला, सही करा, मीटर बरोबर आहे. काका म्हणाले, "मीटर बरूबर हाय. मोटारीचं म्हाईत न्हाय." दुसऱ्या दिवशी टेबलाशेजारी मोटारींची रांग लागली. तिसऱ्या दिवशी रांग दारापर्यंत गेली आणि ट्रक रिकामा परत पाठवावा लागला. सांगताना काका मांडीवर थाप मारत होते, पण मामा हसत नव्हता.

"जगताप, तुमच्यावर येईन हे," तो म्हणाला.

"काय यील? चार्जशीट? यू दी की. मला काढायला त्यान्ला सा महिने लागत्याल, चौकशी बसंल, युनियन यील. तुला काढायला किती लागलं?"

"पास हातातून घ्यायले लागते तेवढंच."

"मग. माज्याकडं टाइम हाय, शालिकराव. ती पर्मनंटची चैन हाय. लागल तवा वापरायची."

पगारातला फरक मी अर्थशास्त्राच्या पुस्तकात वाचला होता. पण पर्मनंट असणं म्हणजे 'नाही' म्हणायला मिळालेला वेळ, ही व्याख्या मला जगतापकाकांनी दिली, आमच्या दोन खोल्यांत, पोह्यांची बशी हातात धरून. पुढे पंचवीस वर्षं मी ती व्याख्या वापरली.

चौथ्या संध्याकाळी ठेकेदाराचा सुपरवायझर मोटारसायकलवरून आमच्या बोळात आला. उद्यापासून या, म्हणाला, झालं गेलं विसरा. फक्त एका कागदावर सही करा. कागदावर लिहिलं होतं की मी झाडलोटीच्या कामावर आहे, आधीही त्याच कामावर होतो, आणि यादीतला उल्लेख चुकीने झाला. मामीने मामाकडे बघितलं. भाड्याची तारीख तीन दिवसांवर होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात मामाने पेन मागितलं आणि सही केली. सुपरवायझर चहाही न पिता गेला. मला इतकी लाज वाटली की मी मोरीवर जाऊन भांडी घासत बसले. स्वच्छ भांडी पुन्हा घासली.

दुसऱ्या दिवशी हॉर्न वाजला, एक लांब आणि एक आखूड. मामा गेला. संध्याकाळी जगतापकाका आधी आत आले आणि मामा मागून. काका हसून हसून लाल झाले होते.

"वैनी, ह्यो मानूस काय हाय तुमाला म्हाईत न्हाय," ते मामीला म्हणाले. "सक्काळी आला, इस्टोरमदनं झाडू मागितला. सगळा टेस्टिंगचा विभाग झाडला. मग पुसला. मग मोटारींखालची जळमटं काढली. ठेकेदाराचा सुपरवायझर म्हंतोय, इंगळे, मोटारी बगा. ह्यो म्हंतो, साहेब, माजं काम झाडलोट. सही केलीय मी. काल तुमीच कागद आनला हुता."

"मंग?" मामी म्हणाली.

"मंग काय. दुपारी आणखी एकदा झाडलं." मामा चप्पल काढत होता. "फरशी निघाली तं कळलं, लाल हाये. मले नऊ वर्सं काळी वाटत होती."

मामी तोंडाला पदर लावून हसली, आठवड्यात पहिल्यांदा. पण रात्री अंधारात मला तिचं कुजबुजणं ऐकू आलं, आज झाडू दिला, उद्या झाडूही काढून घेतला तर. मामा काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. तो घाबरलेला नव्हता असं मी म्हणणार नाही. तिसऱ्या दिवशी त्याला जेवण जात नव्हतं. पण तो रोज गेला, आणि रोज झाडलं, इतकं चांगलं झाडलं की कुणाला बोट दाखवायला जागा उरली नाही.

त्याच तिसऱ्या दिवशी कारखान्याचे मॅनेजर स्वतः खाली आले. हे दृश्य मी पाहिलेलं नाही, पण दोघांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की पाहिल्यासारखंच आहे. दारापर्यंतची रांग बघून त्यांनी जगतापकाकांना विचारलं, या मोटारींत दोष काय आहे. काका म्हणाले, ठाऊक नाही. मॅनेजर म्हणाले, मग सही का नाही. आणि काकांनी ते सांगितलं, जे त्यांनी घरच्या मंडळींखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं.

"साहेब, मला ऐकू येत न्हाय. उजवा कान तुमच्या प्रेस शॉपमदी ठिवून आलोय. इतकी वर्सं कार्डावर सही माजी हाय आन् कान ह्याचा. तुमाला पायजे तर माजी बदली करा. पन न ऐकल्याली मोटार मी पास करनार न्हाय. कुनाच्या तरी गिरनीत ती जळंल आन् कार्डावर नाव माजं आसंल."

मॅनेजर मामाकडे वळले. मामा झाडू भिंतीला टेकवून उभा राहिला. त्यांनी रांगेतली एक मोटार चालू करायला सांगितली. मामाने विचारलं, "हे झाडलोटीत येते काय साहेब?" मॅनेजर हसले नाहीत, चिडलेही नाहीत. "नाही येत. मी तुम्हाला विनंती करतो आहे," म्हणाले. मग मामाने ऐकलं. त्या दिवशी रांगेतल्या पाच मोटारी त्याने बाजूला काढल्या. उघडल्या, तर पाचांपैकी पाच सदोष. मॅनेजरांनी तिथेच विचारलं की हा माणूस आपल्या हजेरीपटावर का नाही. उत्तर होतं, पण मोठ्याने म्हणता येईल असं नव्हतं.

पंधरा दिवसांनी मामाला कंपनीत घेतलं. ही गोष्ट मी इथे संपवली तर ती गोड होईल, पण खरी होणार नाही. अर्जात मागच्या अनुभवाचा रकाना होता, आणि कागदोपत्री मामाचा नऊ वर्षांचा अनुभव झाडलोटीचा होता. त्याच कागदावर त्याने स्वतः सही केलेली होती. म्हणून त्याला नवख्या माणसाचा पगार लागला, त्याच्यानंतर कारखान्यात आलेल्या पर्मनंट पोरांपेक्षा कमी. आधीच्या मानाने तरी तो दुपटीहून जास्त होता. पहिल्या बुधवारी तो कँटीनमध्ये गेला, ताट वाढून घेतलं आणि सवयीने सायकल स्टँडवर येऊन बसला. काका मागोमाग आपलं ताट घेऊन आले. त्यांची बदली झाली नाही. पुढे निवृत्त होईपर्यंत ते मीटर बघत राहिले, आणि कार्डावर दोन सह्या होऊ लागल्या.

माझा निकाल लागला. मग स्पर्धा परीक्षा दिली, दुसऱ्या खेपेला पास झाले आणि कामगार कार्यालयात लागले. ज्या याद्या सदाशिव पेठेतून टाइप होऊन येत, त्या वाचायच्या टेबलापलीकडच्या बाजूला मी बसले. नोकरीभर मी एक नियम पाळला. यादी हातात आली की आधी कारखान्यात जायचं आणि माणसाला विचारायचं, कागदाला नंतर. यामुळे माझ्या चार बदल्या झाल्या, आणि मला त्याचं दुःख नाही. आता निवृत्त झाल्यावर बघते, माझी सून हिंजवडीला जाते, तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राची पट्टी निळी आणि शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीची करडी. दोघी एकच काम करतात. मी सुनेला विचारलं, यादीत त्या मुलीचं काम काय लिहिलंय? तिने खांदे उडवले. "आई, मला माहीत नाही." मी म्हटलं, विचार.

पण हे सगळं नंतरचं. मामाला घेतलं त्याच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, ठेक्यावरची बाकीची दहा माणसं आमच्या घरी आली. ठरवून आली होती. खोलीत मावेनात, म्हणून चौघं उंबऱ्याबाहेर बसले. मामीने दोन घरांतून कप मागून आणले. सगळे टेकल्यावर मामा म्हणाला, "नंदे, वही काढ." तेव्हा मला कळलं की ही माणसं मामाचं अभिनंदन करायला आलेली नाहीत.

त्या वहीचं पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते. युनियनने ती घेऊन कोर्टात जायला दोन वर्षं लावली. चार जण कंपनीत लागले, दोघांना वरचा दर मिळाला, तिघे कंटाळून गावी गेले, आणि एक जण निकालाच्या आधी वारला. मोठा विजय म्हणता येणार नाही. पण त्या सकाळी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी पाटावर बसले, पानावर पट्टीने रेघा मारल्या आणि वर रकान्यांची नावं लिहिली. पहिला नंबर किसनभाऊंचा होता, उदगीरकडचे, सगळ्यांत वयस्कर.

"नाव?" त्यांनी सांगितलं. "वय?" सांगितलं.

"कामाचं स्वरूप?"

"झाडलोट," किसनभाऊ म्हणाले.

ते थट्टा करत नव्हते. इतकी वर्षं दर महिन्याला हजेरीच्या कागदावर अंगठ्याजवळ तेच लिहिलेलं वाचून दाखवलं जायचं. कुणी हसलं नाही. मामा माझ्या मागे भिंतीला टेकून बसला होता. तो शांतपणे म्हणाला, "किसनभाऊ, हा कागद ठेकेदाराचा नाई. आपल्या पोरीचा हाये. काम सांगा."

किसनभाऊंनी आधी हात पुढे केले. बोटांच्या पेरांवर तारेचे बारीक काप होते, जुन्यावर नवे. मग ते सांगू लागले, तांब्याची तार किती जाडीची, साच्यावर किती वेढे द्यायचे, शेवटचं टोक कसं दाबून धरायचं म्हणजे सुटत नाही. मी मध्ये अडवलं नाही. रकाना लहान पडला, तेव्हा मी रेघ ओलांडून पुढे लिहीत गेले. लिहून झाल्यावर त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली, आणि पुढचा माणूस सरकून माझ्यासमोर बसला.